टेकू काढायची घाई

सेकंड इयरला काँक्रीटच्या प्रॅक्टिकलला सरांनी एक प्रश्न विचारला होता म्हणे. "स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावरून माणूस चालू शकतो. मग खालचे टेकू लगेच का काढत नाहीत?" 'म्हणे' अशासाठी, की त्या दिवशी मी वर्गात नव्हतो. गावी, घरात पडून होतो. प्रश्न आणि उत्तर दोन्ही मला नंतर पार्टनरच्या जर्नलमधून कळलं. पण त्याचा अर्थ मला बहुधा सगळ्या बॅचपेक्षा जास्त चांगला कळला असावा.

सप्टेंबर २०२४ मध्ये मला टीबी झाल्याचं निघालं. त्याआधी महिनाभर खोकला होता. होस्टेलवर खोकला कोणाला नसतो? पावसाळा, ओले कपडे, रात्रीची जागरणं. मेसच्या मावशींनी दोनदा हळदीचं दूध दिलं, पार्टनरने कुठलं तरी सिरप आणलं. संध्याकाळी ताप यायला लागला, पॅन्टला पट्टा कमी पडायला लागला, तेव्हा सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. (दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर तपासणी करा, हे पोस्टर आपल्याच गेटसमोरच्या भिंतीवर आहे. त्याच्याखाली उभं राहून मी रोज चहा प्यायचो.)

पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन औषधं. दिवसांत मोजलं तर ५६ आणि ११२, एकूण १६८. रोज सकाळी उपाशीपोटी, वजनाप्रमाणे गोळ्या. लघवी नारिंगी होते, सांधे धरतात, अन्नावरची वासना जाते. या सगळ्याची कल्पना डॉक्टरांनी दिली होती, आणि औषधं फुकट होती. तेव्हा उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं आहे ते त्यानंतरच्या काळाबद्दल, म्हणजे परत येण्याबद्दल.

दिवाळीनंतर मी होस्टेलवर आलो. ताप गेला होता, खोकला थांबला होता, वजन थोडं भरलं होतं. अण्णा सोडायला आले होते. ऑफिसात अर्ज दिला तेव्हा पलीकडून विचारलं गेलं, "आता बरा आहेस ना? मग रेग्युलर ये. बरा नसशील तर पुढच्या वर्षी ये. एक काय ते सांग."

मित्रांनो, या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. मी आजारी नव्हतो आणि बराही नव्हतो. पण फॉर्मवर दोनच रकाने होते. मी "बरा आहे" म्हटलं. अण्णांच्या समोर दुसरं काय म्हणणार?

त्यानंतरचा आठवडा असा. खोली तिसऱ्या मजल्यावर. डिफॉल्टर लिस्टमध्ये माझं नाव पहिलं. सहा विषयांची राहिलेली सबमिशन्स. सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल भर उन्हात, स्टाफ धरून उभं राहायचं. मेसमध्ये माझ्या ताटाला कोणीतरी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. टीबी ताटातून पसरत नाही, खोकल्यातून हवेने पसरतो. आणि औषधं नीट सुरू असली की काही आठवड्यांत बहुतेक रुग्णांकडून लागण होण्याची भीती फार कमी होते. हे मला माहीत होतं, पण ताट घेऊन कोपऱ्यात बसताना सांगणार कोणाला?

आणि मी सुद्धा शहाणपणा केला नाही. सगळं एकदम भरून काढायचं ठरवलं. रात्री दोनपर्यंत शीट्स, सकाळी नऊला प्रॅक्टिकल. गोळ्या घेतल्या की मळमळायचं, म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी गोळ्या "नंतर घेऊ" असं सुरू झालं. 'नंतर' कधी आलंच नाही. पंधरा दिवसांत पाच डोस चुकले. टीबीमध्ये हाच सगळ्यात मोठा धोका असतो. बरं वाटतं म्हणून किंवा जमत नाही म्हणून माणूस गोळ्या टाळतो, आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग सहा महिन्यांचा टीबी जास्त लांबीचा आणि जास्त त्रासाचा होऊ शकतो. माझं नशीब, की दवाखान्यातल्या ताईंनी पाकीट मोजलं आणि पकडलं. त्यांनी रागावून एवढंच विचारलं, "कोणासाठी बरा होतोयस रे तू? जर्नलसाठी?"

आता स्लॅबकडे येतो. आयएस ४५६ : २००० मध्ये साध्या सिमेंटसाठी टेकूंचे दिवस लिहून दिलेत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. बीम सहा मीटरहून मोठा असेल तर एकवीस. काँक्रीट वरून कडक दिसतं, पण सात दिवसांत त्याची ताकद साधारण दोन तृतीयांशच आलेली असते. म्हणून दिसण्यावर जायचं नाही, दिवस मोजायचे. हे आपण जर्नलमध्ये सुंदर अक्षरात लिहितो. माणसाच्या बाबतीत मात्र "दिसतोस तर ठणठणीत" एवढ्यावर टेकू काढून मोकळे होतो.

माझी मागणी सहानुभूतीची नाही. सहानुभूती मला भरपूर मिळाली, कधी कधी नको इतकी. मागणी नियमाची आहे. महिनाभरापेक्षा जास्त काळ आजारी राहून जो परत येतो, मग टीबी असो, डेंग्यूनंतरचा अशक्तपणा असो की अपघातानंतरचं ऑपरेशन, त्याला पहिले सहा आठवडे ठरलेला हलका भार असावा. म्हणजे काय, तर राहिलेली प्रॅक्टिकल्स टर्मच्या शेवटी एका आठवड्यात एकत्र घ्यावीत. सबमिशनच्या तारखा एकाच सरांनी किंवा मॅडमनी ठरवून द्याव्यात, म्हणजे सहा केबिनच्या दारात सहा वेळा आजाराची गोष्ट सांगावी लागणार नाही. तळमजल्यावरची एक खोली यासाठी राखून ठेवावी. एवढंच. परीक्षा सोपी करा, मार्क वाढवा, असं मी म्हणत नाही.

यावर एक आक्षेप मला पाठ आहे. "अशी सवलत दिली की उद्या सगळेच सर्टिफिकेट घेऊन येतील." आक्षेप अगदीच खोटा नाही. प्रॅक्टिकल चुकवायला ताप आणणारे महाभाग आपल्यात आहेत. पण आज काय चालतं? ज्याला सरांसमोर रडता येतं त्याला सवलत मिळते, ज्याला बोलताच येत नाही तो डिफॉल्टर होतो. स्लॅबचे टेकू कोणी विनंती केली म्हणून ठेवत नाहीत, स्पॅन बघून ठेवतात. तसाच आजाराचा काळ आणि दवाखान्याचे कागद बघून नियम लावा. खोटेपणाला नियमात जागा कमीच राहील.

दुसरा सल्ला मिळतो, "घरीच राहायचं होतं." याचं उत्तर तर फार जुनं आहे. १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. टीबीच्या रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या गरीब, दाटीवाटीच्या घरात. औषधं दोघांना सारखीच. १९५९ साली निष्कर्ष आले, की घरी राहणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. रुग्णाला माणसांतून उचलून लांब ठेवण्याची गरज तेव्हाच संपली होती. आपल्या मेसमधला नेलपॉलिशचा ठिपका मात्र २०२४ मध्ये लागला.

तो पुसला कोणी, हेही सांगायला हवं. माझ्यामुळे पार्टनरला छातीचा एक्स-रे काढावा लागला होता. तो चिडला होता, दोन दिवस बोलला नाही. रिपोर्ट चांगला आला त्या रात्री तो मेसमध्ये माझ्यासमोर येऊन बसला आणि माझंच ताट ओढून जेवला. दुसऱ्या दिवशी मावशींनी ते ताट घासून इतरांत मिसळून टाकलं. सकाळी सातला गोळ्यांसाठी मला उठवायचं कामही त्यानेच घेतलं. स्वतः नऊला उठणारा प्राणी तो! त्यानंतर माझा एकही डोस चुकला नाही. चुकलेले पाच डोस शेवटी जोडून मार्च २०२५ मध्ये कोर्स पूर्ण झाला. एका विषयात केटी लागली, ती पुढे सुटली.

म्हणजे टेकू मला मिळाला. पण तो एका मित्राच्या मनात आलं म्हणून मिळाला. ज्याला असा पार्टनर नाही त्याचं काय? याच होस्टेलवर या टर्मलाही कोणीतरी घरून परत येईल, बॅग घेऊन जिना चढेल आणि ऑफिसात त्याला विचारतील, "बरा आहेस ना?" त्या फॉर्मवर तिसरा रकाना असावा, एवढंच माझं म्हणणं. रेक्टर सरांना मी हे लेखी दिलं आहे. तुम्हीही द्या.