दोरखंडांचा हिशेब

जहाजे आणि बंदरे रंगवणाऱ्या जुन्या युरोपीय तैलचित्रांचे भक्त एक युक्तिवाद हमखास करतात. ही चित्रे कलाकृती म्हणून कुणाला रुचोत वा न रुचोत, दस्तऐवज म्हणून ती निर्दोष आहेत. डोलकाठीवरचा प्रत्येक दोर जागच्या जागी आहे, शिडात वारा ज्या बाजूने भरला आहे त्याच बाजूने निशाण फडकते आहे. तेव्हा मागचे बंदरही तसेच असले पाहिजे, असे हे तर्कशास्त्र. त्याचा पूर्वार्ध बव्हंशी खरा आहे. उत्तरार्ध मात्र पूर्वार्धाच्या खांद्यावर बसून फुकट प्रवास करतो.

पूर्वार्धाचे श्रेय डच परंपरेला द्यावेच लागते. थोरला विलेम व्हान द व्हेल्डे १६६६च्या चार दिवसांच्या लढाईत डच आरमाराबरोबर एका लहान गलबतातून हिंडत होता आणि तोफा धडाडत असताना कागदावर जहाजे टिपत होता. पुढे तो व त्याचा मुलगा इंग्लंडला गेले. १६७४ साली दुसऱ्या चार्ल्सने दोघांना प्रत्येकी १०० पौंड वर्षासन बांधून दिले. बापाने सागरी लढायांची रेखाटने करायची, मुलाने ती रंगांत उतरवायची. काल डचांच्या गोटातून पाहणारे डोळे आज इंग्रजांच्या गोटातून पाहू लागले. दोर तेव्हाही अचूक होते, नंतरही अचूकच राहिले. अचूकतेला पक्ष नसतो असे ज्यांना वाटते, त्यांनी या वर्षासनाचा विचार जरूर करावा.

मुंबईच्या बाबतीत तर प्रकरण याहून उघड आहे. १७३२च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने लेडनहॉल स्ट्रीटवरच्या आपल्या मुख्यालयासाठी सहा चित्रे करवून घेतली: मुंबई, कलकत्ता, मद्रास, तेल्लिचेरी, सेंट हेलेना आणि केप ऑफ गुड होप. जमीन व इमारती जॉर्ज लॅम्बर्टने रंगवल्या, समुद्र व जहाजे सॅम्युएल स्कॉटने. मोबदला प्रत्येक चित्रामागे १५ गिनी. दोघांपैकी एकानेही हिंदुस्थानचा किनारा पाहिलेला नव्हता. तरीही जुन्या मुंबईविषयीच्या पुस्तकांतून हे चित्र वारंवार छापले जाते, आणि वाचक ते एखाद्या साक्षीदाराच्या जबानीसारखे पाहतो. शांत पाणी, कंपनीची पट्ट्यापट्ट्यांची निशाणे मिरवणारी डौलदार जहाजे, पाठीमागे किल्ला. मालक ठाम, समुद्र आज्ञाधारक!

त्या वर्षांतला खरा समुद्र कसा होता? बंदराच्या तोंडाशी असलेले खांदेरी आंग्र्यांच्या ताब्यात होते. १७१८ साली कंपनीने ते घेण्याचा प्रयत्न केला तो फसला. १७२१ साली पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर केलेली चालही फसली. कान्होजी १७२९ साली वारले, पण त्यांच्या मुलांच्या गुराबा आणि गलबते कंपनीच्या व्यापाराची झोप उडवतच होती. यातले काहीही त्या कॅनव्हासवर शिरू शकत नव्हते, कारण चित्र भागधारकांच्या पैशावर जगणाऱ्या संचालकांच्या भिंतीसाठी होते. ज्या समुद्रावर सत्ता नव्हती, त्या समुद्रावरील सत्तेचे ते चित्र आहे. एका अर्थी तोही दस्तऐवजच. पण मुंबईचा नव्हे, लेडनहॉल स्ट्रीटच्या इच्छेचा.

विजयदुर्गाचेही तसेच. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. जमिनीवर पेशव्यांचे सैन्यही त्यांचे दोस्त म्हणून उभे होते, ही लाज मराठी वाचकाने विसरू नये. आंग्र्यांच्या ताफ्याला लागलेली आग ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजापासून पसरली, आणि ते जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच हस्तगत केलेले होते. डॉमिनिक सेर याने ही लढाई कित्येक वर्षांनी इंग्लंडमध्ये बसून रंगवली. तिचा नायक अर्थातच इंग्रज ताफा.

कुणी म्हणेल, चित्रकार आपल्या काळाचे होते, त्यांना आज जाब विचारणे अन्याय्य आहे. मान्य. जाब त्यांना नाहीच. तो आजच्या संपादकाला आणि अभ्यासकाला आहे, जो चित्राखाली फक्त बंदराचे नाव व साल छापतो आणि पैसे कुणी दिले, चित्रकार कुठे उभा होता, हे गाळतो. या गाळण्याला जुनी, प्रतिष्ठित परंपरा आहे. टर्नरने १८४० साली गुलामांना समुद्रात फेकणाऱ्या जहाजाचे चित्र मांडले. रस्किनने त्यातल्या पाण्याच्या रंगावर उत्कट गद्य लिहिले आणि जहाज गुलामांचे आहे ही गोष्ट तळटीपेत टाकली. टर्नर दोरांच्या बाबतीत ढिसाळ, असे खलाशी त्याच्या ‘ट्रफाल्गर’विषयी कुरकुरतच होते. पण बुडणाऱ्या माणसाच्या पायातली बेडी त्याने रंगवली. ती तपशिलात मोजायची की नाही?

अचूकतेच्या भक्तांना अचूकच काही हवे असेल तर त्यांनी कॅनव्हास सोडून लाकडाकडे वळावे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून उभी आहे. वाडियांचे तैलचित्र निघाले, त्यांचे नावही टिकले. ज्या सुतारांनी तिच्या फळ्या ताशून एकमेकींत बसवल्या त्यांचे चित्र कुणी करवून घेतले नाही. त्यांचे सांधे तेवढे, दोनशेहून अधिक वर्षांनंतर, हाताने चाचपून पाहता येतात.