मालवाहू आगबोट आणि एका साक्षीदाराची नोंद

कागदावर जे आले नाही ते घडलेच नाही, असे सरकार मानते. वकिलीत हे रोज अनुभवास येते. याचा एक जुना दाखला एका आगबोटीच्या इतिहासात आहे.

'मेजिदिए' ही लिंच कंपनीची नदीतली आगबोट. शांततेच्या काळात ती बसरा-बगदाद दरम्यान माल आणि उतारू नेई. पहिल्या महायुद्धात ती लष्कराच्या कामाला लागली. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईत हजारो शिपाई जखमी झाले. नदीत इस्पितळाच्या बोटी नव्हत्याच. जखमींना 'मेजिदिए'वर आणि तिला जोडलेल्या लोखंडी पडावांवर कोंबले. मोडलेल्या हातापायांना दारूच्या खोक्यांच्या फळ्या बांधल्या होत्या. हगवणीने बेजार झालेली माणसे आपल्याच घाणीत पडून होती. वरिष्ठांनी मात्र तार केली की, जखमींची स्थिती समाधानकारक आहे आणि व्यवस्था उत्तम आहे!

बसऱ्याला 'व्हरेला' या रुग्णजहाजावर मेजर कार्टर हे डॉक्टर होते. त्यांनी पाहिले ते वरिष्ठांना सांगितले. त्यांना लुडबुड्या ठरवून अटकेची धमकी देण्यात आली. ते मागे हटले नाहीत. पुढे मेसोपोटेमिया आयोगापुढे त्यांची साक्ष नोंदली गेली. जून १९१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना जुलैमध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यूंनी २० ऑगस्ट १९१७ रोजी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी बाबासाहेब लंडनहून मुंबईत उतरले. त्या घोषणेतून निघालेल्या सुधारणांसाठी साऊथबरो समिती आली आणि १९१९ मध्ये बाबासाहेबांनी तिच्यापुढे अस्पृश्यांची बाजू लेखी मांडली.

१८९३ च्या सुमारास महारांना सैन्यभरती बंद झाली. युद्धात माणसे कमी पडताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. मालवाहू बोट गरजेपुरती वापरावी, तशीच माणसे वापरली! या अन्यायावर कोणता आयोग बसला? पण गोपाळबाबा वलंगकरांचा अर्ज आणि शिवराम जानबा कांबळे यांचे निवेदन यांमुळे आपल्याला हा अन्याय आजही पुराव्यानिशी मांडता येतो.

घनसावंगी परिसरातून माझ्याकडे अशील येतात. अंगावर वळ असतात, पण जबाबात 'किरकोळ बाचाबाची' लिहिलेले असते. खाली अंगठा! "साहेब, वाचून दाखवलंच नाही," असे ते सांगतात. बांधवांनो, ती 'समाधानकारक' तार आजही लिहिली जाते. म्हणून जबाब वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा तुमचा हक्क आहे. ठाण्यातून उठण्याआधी ती हातात घ्या.