काम केले, पण नोंद कुणाकडे?

गेल्या वर्षी एका गवंड्याच्या मदतीचा अर्ज लिहून देण्यासाठी मी बसलो होतो. परांचीवरून पडून तो कमरेखाली लुळा झाला आहे. ‘नोकरीचा तपशील’ या रकान्यापाशी आम्ही दोघेही अडलो. बावीस वर्षे त्याने भिंती बांधल्या. पण एकाही मालकाचे पत्र वा पगाराची पावती त्याच्यापाशी नव्हती. आठवतील तेवढ्या इमारतींची नावे त्याने सांगितली व मी ती लिहिली. इमारतींची नावे हा पुरावा होत नाही, असे कचेरीत सांगण्यात आले.

अपंगत्वाचा लाभ मिळण्यासाठी पुष्कळ वर्षांची नोकरी लागते, असा समज आपल्या कार्यकर्त्यांतही आढळतो. तो दूर करणे अगत्याचे आहे. १९४३ साली, डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना, प्रा. अडारकर यांच्याकडे कामगार विम्याची योजना आखण्याचे काम आले. त्यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा जन्मास आला. या विम्यात आजारपणाच्या भत्त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. मात्र कामावर झालेल्या इजेला अशी कोणतीही अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी हात गेला तरी हक्क उत्पन्न होतो. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो, तर कायमच्या अपंगत्वात कमाईची शक्ती जितकी घटली त्या प्रमाणात आयुष्यभर रक्कम मिळते. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतही म्हातारपणाच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. परंतु नोकरीत असताना संपूर्ण व कायमचे अपंगत्व आल्यास एका महिन्याची वर्गणी पुरते. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीतही इजेबाबतचे हे तत्त्व टिकले आहे.

तेव्हा कायदा किती वर्षे काम केले हे विचारत नाही. काम केल्याची नोंद कुठे आहे, एवढेच तो विचारतो. आणि नोंदवही असते मालकाच्या हातात. दहा माणसांपासून विमा लागू होतो, म्हणून कंत्राटदार हजेरीपटावर नऊच नावे लावतो. मालकाने वर्गणी भरली नसली तरी महामंडळाने कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, अशी तरतूद कायद्यात आहे. परंतु तिचा आधार घेण्यासाठीही आपण तेथे कामाला होतो हे कामगाराने आधी दाखवावे लागते. आणि अपघातानंतर कंत्राटदाराचे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘हा माणूस आमच्याकडे नव्हताच.’

ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल मुकादमाकडून मिळते ती नवऱ्याच्या हाती. बाई पहाटेपासून मोळ्या वाहते, पण तिच्या स्वतःच्या नावावर एका दिवसाचेही काम कुठे लिहिलेले नसते. दगडखाणीतल्या कामगाराची गत याहून वाईट. सिलिकोसिसचे निदान होते तेव्हा खाण बंद पडलेली असते आणि मालक गाव सोडून गेलेला असतो. ज्याची नोंद नाही तो कामगार म्हणून मोजला न जाता निराधार म्हणून मोजला जातो. मग त्याच्यासाठी केंद्राची अपंग पेन्शन उरते. तिला ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेचा दाखला लागतो, आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. एका पडण्यात हक्काची दया होते, ती अशी.

आमचे काही अर्थशास्त्री मित्र म्हणतील की वर्गणीच्या अटी नसतील तर निधी बुडेल. आजारपणाच्या भत्त्यापुरता हा आक्षेप मी मान्य करतो. परंतु भत्त्यासाठी कुणी स्वतःचा कणा मोडून घेत नाही. इजा हा उत्पादनखर्चाचाच भाग आहे. सिमेंट-लोखंडासारखा तो मालकाने भरला नाही, तर नाहीसा होत नाही; गवंड्याची बायको धुणीभांडी करून तो भरते.

यावर उपाय आपल्याच राज्याने शोधलेला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदणी आणि मजुरीचे वाटप मंडळाकडे आणले. मालक बदलला तरी हमालाचा कामाचा इतिहास पुसला जात नाही. राजस्थानच्या २०१९ च्या धोरणात वैद्यकीय मंडळाने सिलिकोसिसचे निदान केलेल्या कामगाराला ३ लाख व मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपयांची तरतूद झाली. याउलट आपल्या बांधकाम मजुराला नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि त्यासाठी त्याला पुष्कळदा त्याच कंत्राटदाराच्या दारात उभे राहावे लागते.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. सोबतच्या कामगारांची साक्ष ग्राह्य धरावी, आणि एकदा ती मिळाली की तो आपल्याकडे नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकावी. ऊसतोडीत स्त्रीची नोंद स्वतंत्र व्हावी. पण सरकारची वाट न पाहता करण्याजोगेही बरेच आहे. प्रत्येक मजूर नाक्यावर आपल्या शाखेने एक वही ठेवावी: तारीख, जागा, कंत्राटदार, नावे. अपघात झाल्यास रुग्णालयाच्या कागदावर तो कामावर, अमुक ठिकाणी झाला हे त्याच दिवशी लिहून घ्यावे व पोलिसांत नोंदवावे. मोर्च्याइतके हे काम डोळ्यांत भरत नाही. परंतु त्या गवंड्याच्या नाक्यावर अशी एखादी वही असती, तर त्याच्या अर्जातल्या त्या रकान्यात इमारतींच्या नावांपलीकडेही काही लिहिता आले असते.