पळायचं आहे, पण कधी?

पहाटेचे सव्वापाच. जुहू चौपाटीवर भेळेचे स्टॉल ताडपत्रीखाली झोपलेले आहेत आणि पाण्याच्या कडेने पंधरा-वीस जण पळतायत. कुणाच्या मनगटावर महागडं घड्याळ चमकतंय, कुणाच्या पायात कॉलेजच्या स्पोर्ट्स डेला घेतलेले झिजलेले बूट. सप्टेंबर संपत आला की ही संख्या दर आठवड्याला वाढते. कारण सगळ्यांना माहीत आहे, जानेवारीचा तिसरा रविवार. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन आता शहराच्या कॅलेंडरमध्ये गणपती आणि दिवाळीसारखी पक्की बसली आहे. आपल्या ग्रुपमधला कुणीतरी एक जण मेडल घेतलेला फोटो टाकतो आणि पुढच्या वर्षी आपणही, असं बाकीचे दहा जण ठरवतात.

मग सोळा आठवड्यांचा तक्ता डाउनलोड होतो. मंगळवारी इतके किलोमीटर, गुरुवारी तितके, रविवारी लाँग रन. तक्ता दिसायला सोपा असतो. तो एकदा किलोमीटरऐवजी तासांमध्ये वाचून बघा.

नवा रनर साधारण सात मिनिटांत एक किलोमीटर पळतो. फुल मॅरेथॉनच्या तयारीत आठवड्याला चाळीस ते पन्नास किलोमीटर होतात, म्हणजे पावणेपाच ते जवळपास सहा तास. हे नुसतं पळण्याचं. त्यात वॉर्मअप, स्ट्रेचिंग, मैदानापर्यंत जाणं-येणं, अंघोळ आणि नंतर लागणारी राक्षसी भूक धरा. शेवटच्या टप्प्यात रविवारचा लाँग रन तीस किलोमीटरवर जातो, म्हणजे एका दमात साडेतीन तास. त्या रविवारी दुपारनंतर अभ्यास होईल या भ्रमात राहू नका. मी राहिलो होतो.

हे तास येणार कुठून, याबद्दल तक्ता काहीच बोलत नाही. सकाळ तुमची आहे, घरी आल्यावर नाश्ता तयार आहे, घामाचे कपडे कुणीतरी धुणार आहे आणि दुपारी तासभर आडवं व्हायला जागा आहे, हे सगळं त्याने गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे तक्ता पाळता आला नाही की आपण आळशी, आपल्यात डिसिप्लिन नाही, असं पोरांना वाटायला लागतं. मोटिव्हेशनल रील्स त्यात तेल ओततात. माझं म्हणणं सरळ आहे. लांब पल्ल्याच्या तयारीत जिद्दीपेक्षा मोकळे तास जास्त महत्त्वाचे असतात आणि मुंबईत ते सगळ्यांना सारखे मिळत नाहीत.

समजा, एक मुलगी नालासोपाऱ्याला राहते आणि तिचं कॉलेज पार्ल्यात आहे. सकाळी सातचं लेक्चर गाठायचं तर साडेपाचच्या आसपास घर सोडावं लागतं. अंधेरीला फास्ट लोकल सोडून स्लो पकडायची, मग पार्ल्याहून रिक्षा किंवा चालत. मुंबई विद्यापीठाची ७५ टक्के हजेरीची अट आहे, त्यामुळे रोज दांडी चालत नाही. मग तिने पळायचं कधी? पहाटे चारला? दुपारी बाराला, ऑक्टोबरच्या उन्हात? संध्याकाळी, जुहूच्या वाळूवर पाय ठेवायला जागा नसते तेव्हा? आणि घरी गेल्यावर भाजी चिरायची आहे, धाकट्या भावाचा अभ्यास घ्यायचा आहे. त्याच कॉलेजात जेव्हीपीडीमध्ये राहणारा तिचा वर्गमित्र पाचला उठतो, दहा मिनिटांत समुद्रावर पोचतो आणि साडेसहाला घरी परत. दोघांकडे एकच तक्ता आहे. डिसेंबरात त्याचा लाँग रन झालेला असतो आणि तिचा राहिलेला असतो. यात जिद्द मोजली जाते की पत्ता?

मुलगा-मुलगी हा फरकही इथे बारीक नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. मधला फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटं. सात मिनिटांच्या वेगाने एवढ्या वेळात अठ्ठावीस किलोमीटर पळून होतात. म्हणजे जवळपास अख्खा लाँग रन, तोही रोज. कॉलेजातल्या मुलींवर आईइतकं काम नसेलही, पण सुट्टीच्या दिवशी कुणाला हाक मारली जाते हे प्रत्येक घराला माहीत आहे. शिवाय अंधार. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पहाटे पाचला दादा एकटा निघाला तर कुणी काही विचारत नाही, ताई निघाली की तीन फोन येतात.

आता जुहूचं सांगतो, कारण इथे पळणाऱ्यांचे दोन समज पक्के आहेत. पहिला, बीचवर कधीही जा, पळता येतं. दुसरा, समुद्राची हवा म्हणजे शुद्ध हवा.

वाळू मऊ असेल तर तितक्याच वेगाने पळायला कडक रस्त्यापेक्षा दीडपटीहून जास्त शक्ती लागते आणि पोटऱ्या बोलायला लागतात. पळायची खरी जागा म्हणजे ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू. ती पहाटे मिळेल की नाही, हे तिथीवर ठरतं. कोकणात आणि कोळीवाड्यांत चालणारा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. त्या दिवशी तुम्हाला वरची भुसभुशीत वाळूच मिळणार. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्याच्या सहा तास आधी, पहाटे पाच-साडेपाचला, ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, तास-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आठवड्याचं नियोजन करायला पुरतो. लाँग रन अमावास्या-पौर्णिमेजवळच्या रविवारी ठेवायचा आणि अष्टमीच्या आठवड्यात रस्ता धरायचा. आजीच्या कालनिर्णयचा असाही उपयोग! आणखी एक. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. एकाच दिशेने पळून रिक्षाने परत येऊ नका, त्याच वाटेने उलटं या, म्हणजे दोन्ही पायांवर भार सारखा येतो.

हवेचं म्हणाल तर शाळेतला भूगोल आठवा. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री आणि पहाटे जमिनीकडून जातात ते मतलई वारे. म्हणजे हिवाळ्याच्या पहाटे जुहूवर जी हवा लागते ती शहरावरून आलेली असते, बांधकामांची धूळ आणि गाड्यांचा धूर घेऊन. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, ती वर उठत नाही आणि सगळं खालीच साचून राहतं. मुंबईच्या हवेची अवस्था इतकी बिघडली की ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेला बांधकामांसाठी नियमावली काढावी लागली. हा मॅरेथॉनच्या तयारीचा ऐन मोसम. धापा टाकत पळणारा माणूस बसलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त हवा आत घेतो, तीही तोंडाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं ॲप आहे. निर्देशांक २०० च्या वर असेल त्या दिवशी वेगाची प्रॅक्टिस सोडून द्या, ३०० च्या वर असेल तर घरीच जिने चढा-उतरा. एक रन बुडाला म्हणून कुणाची मॅरेथॉन बुडालेली मी पाहिलेली नाही.

झोप बुडवून मात्र बुडालेली पाहिली आहे, माझीच. टीवायला असताना मी वेळ काढण्याचा सगळ्यात सोपा मार्ग शोधला होता, झोप कापायची. रात्री साडेबाराला प्रोजेक्ट संपवायचा, साडेचारला उठायचं. पाच आठवडे हिरो वाटलं. सहाव्या आठवड्यात लोकलमध्ये झोपून दोन स्टेशनं पुढे गेलो, आठव्यात नडगीचं हाड दुखायला लागलं. क्लासमधल्या सीनियरने सांगितलं, ‘पेन इज गेन भावा’. मी ऐकलं. डॉक्टरांनी एमआरआय बघून सहा आठवडे पळायचं बंद केलं आणि जानेवारीत मी पेडर रोडला उभा राहून दुसऱ्यांना संत्र्याच्या फोडी वाटल्या. अठरा ते पंचवीस वयात सात ते नऊ तास झोप लागते असं तज्ज्ञ सांगतात. पळताना हाडा-स्नायूंवर येणारा ताण भरून निघतो तो झोपेतच. म्हणून तक्ता भरताना आधी झोपेचे तास लिहा, मग लेक्चर आणि प्रवास, मग घरचं काम. उरेल त्यात पळणं. आठवड्याला तीन तास उरत असतील तर तुमची शर्यत दहा किलोमीटरची आहे. साडेचार उरत असतील तर हाफ. फुल पुढच्या वर्षी, किंवा नोकरी लागल्यावर, किंवा कधीच नाही. मुंबईच्या फुल मॅरेथॉनला वयाची अठरा वर्षं पूर्ण लागतात आणि आधीच्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्रही, म्हणजे आयोजकांनाही तुम्ही थेट उडी मारणं अपेक्षित नाही. सरावाला वसई-विरारची शर्यत डिसेंबरात असते, नालासोपाऱ्याच्या पोरांना ती घरचीच.

मुलींनी तयारी सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, हे मी आग्रहाने सांगेन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. चौथ्या किलोमीटरला दम लागतो तो दर वेळी स्टॅमिना नसल्यामुळे नसतो.

काही जण म्हणतील, पूर्वीच्या लोकांकडे कुठे होत्या सोयी? बरोबर. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारे शेतकरी पाहिले आणि पुढच्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले, वेळ २ तास ५० मिनिटं. आजही शहरातले बहुतेक हौशी रनर त्या वेळेच्या जवळपास फिरकत नाहीत. साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पळाली. ही नावं घ्यायलाच हवीत. पण या खेळाडूंनी पळणंच आयुष्याच्या मध्यभागी ठेवलं होतं, दोन लेक्चर आणि एका इंटर्नशिपच्या फटीत कोंबलं नव्हतं. त्यांचं उदाहरण देऊन नालासोपाऱ्याच्या मुलीला ‘तू जास्त जोर लाव’ म्हणणं मला पटत नाही.

मग कुणी काय करायचं? शहराने थोडंफार केलं आहे. कोस्टल रोडलगतचा समुद्राकाठचा पायरस्ता ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला, मॅरेथॉनच्या पहाटे रेल्वेने जादा लोकल सोडल्याचीही उदाहरणं आहेत. पण एका दिवसाची लोकल तयारीच्या सोळा आठवड्यांना पुरत नाही, आणि उपनगरातल्या पोरांना दक्षिणेत जाऊन पळा म्हणणं म्हणजे पुन्हा तासांचाच प्रश्न. जुहू-पार्ल्यात कॉलेजांची दाटी आहे. लेक्चर सुरू होण्याआधी आणि संपल्यावर जिमखान्याची चेंजिंग रूम आणि एक शॉवर उघडा ठेवला, तर लांबून येणारी मुलगी लेक्चर संपल्यावर संध्याकाळी इथेच पाच किलोमीटर पळून, कपडे बदलून गाडी पकडू शकते. आठवड्यातून दोनदा पाच-सहा जणींनी मिळून पळायचं ठरवलं तर घरून येणारे तीन फोन एकावर येतात. यासाठी निधी लागत नाही, वॉचमनकडे चावी लागते. स्टुडंट कौन्सिलच्या पुढच्या मीटिंगला हा विषय अजेंड्यावर टाका. फेस्टच्या स्पॉन्सरवर तीन तास बोलून झाल्यावर दहा मिनिटं उरतातच.

आणि घरी एक प्रयोग करून बघा. ज्या रविवारी दादाचा लाँग रन असेल, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळची भांडी आणि पोळ्या दादाकडे, ताई पळायला. आमच्या घरी हे सुचवलं तेव्हा आई आधी हसली. मग म्हणाली, ‘मला पण चालायला जायचंय, माझा रविवार कुठलाय?’

या आठवड्यात कालनिर्णय बघितलं तर येत्या रविवारी अष्टमी आहे. जुहूला वाळू मऊच मिळेल. आम्ही गुलमोहर रोडने जातोय, सहा वाजता, आई धरून तिघं.