तोल आणि मोल

तंजावरच्या बाजारात दोन प्रकारच्या बाहुल्या मिळतात. पहिलीला तमिळमध्ये ‘तलैयाट्टि बोम्मै’, म्हणजे मान डोलावणारी बाहुली, असे म्हणतात. तिचे डोके, धड आणि घागरा असे निरनिराळे भाग एकावर एक नुसते टेकविलेले असतात. वाऱ्याची झुळूक आली, कोणी टिचकी मारली की ती लगेच डोलू लागते. दुसरी आहे ती राजा-राणीची जोडी. तिचा तळ गोल आणि जड मातीचा असतो. राणीला बोटाने आडवी करा, ती क्षणात उठून उभी राहते. दहा वेळा पाडा, ती दहा वेळा उठते. यात जादू काही नाही. तिचे वजन तळाशी आहे, म्हणून तिचा तोल तिच्याजवळ आहे.

अशी एक जोडी माझ्या टेबलावर आहे. ती मला ज्या घरातून मिळाली, त्या घराची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

माझी एक मैत्रीण लग्नानंतर तंजावरच्या एका मराठी कुटुंबात गेली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांच्या राज्यस्थापनेबरोबर जी कुटुंबे तिकडे स्थायिक झाली, त्यांपैकीच हे एक. घरात मराठी बोलतात, तीत तमिळ शब्द सहज मिसळलेले असतात. मैत्रिणीची मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत शिकणारी. ती सहा वर्षे भरतनाट्यम् शिकत होती. मी गेले तेव्हा मात्र तिने नृत्य सोडून दोन महिने झाले होते. सकाळी पानावर तिने अर्धी इडली घेतली व भूक नाही म्हणून ती उठून गेली. रात्रीही तेच. मी कारण विचारले, तेव्हा घरातील आत्याबाई हसून म्हणाल्या, “आधीच सावळी, त्यात अंगाने भरू लागली. आम्ही थट्टेत बोलतो, पण बरेच झाले, आता तरी बारीक होईल.”

त्या आत्याबाई दुष्ट नव्हत्या. मुलगी आजारी पडली असती तर रात्रभर उशाशी बसल्या असत्या. परंतु थट्टा करणाऱ्याला ती थट्टा वाटते. ऐकणारीला ती रोज सकाळी आरशात दिसते.

येथे मला स्वतःचाही एक दोष कबूल केला पाहिजे. माझे काम भाषांतराचे. एकदा विज्ञान-प्रदर्शनात पारितोषिक मिळविणाऱ्या एका मुलीविषयीचा मजकूर माझ्याकडे आला होता. मुळात इतकेच होते, ‘पंधरा वर्षांची एक विद्यार्थिनी’. माझ्या मराठीत तिची झाली ‘पंधरा वर्षांची, नाकीडोळी नीटस विद्यार्थिनी’. हे शब्द मी विचार करून लिहिले नव्हते. ते हाताच्या सवयीने आले. कोणी हरकतही घेतली नाही. त्या मुलीने तयार केलेल्या यंत्राशी तिच्या नाकाचा काय संबंध होता? आत्याबाईंचे बोलणे ऐकताना मला ते वाक्य आठवले आणि त्यांना उपदेश करण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बरोबर घेऊन बृहदीश्वराच्या मंदिरात गेले. या मंदिरात शरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. त्यातील काही ओळी तिने अडखळत वाचल्या. पण मला तिला सांगावयाचे होते ते त्याहून आठ शतके जुन्या एका लेखाविषयी.

पहिला राजराज चोळ याने हे मंदिर बांधविले. इ. स. १०१४ च्या सुमाराचा त्याचा एक तमिळ लेख येथील आवाराच्या भिंतीवर आहे. निरनिराळ्या गावांच्या मंदिरांतून आणून येथे वसविलेल्या चारशे स्त्रियांची त्यात नोंद आहे. नृत्य व मंदिराची सेवा हे त्यांचे काम. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या गावच्या मंदिरातून आली ते, तिची गल्ली, त्या गल्लीतील तिचे घर कितवे हे सारे कोरले आहे. प्रत्येकीला वेतनाचा एक वाटा, म्हणजे वर्षाला शंभर कलम भात, मिळावयाचा. त्यांच्यापाठोपाठ नृत्यशिक्षक, वादक, शिंपी, हिशेबनीस यांच्याही नोंदी आहेत.

मी हे सांगत असता मुलीने मध्येच विचारले, “मावशी, त्या दिसायला कशा होत्या?”

मी म्हटले, “ते भिंतीवर नाही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चारशे नाचणाऱ्या बायका, आणि कोण गोरी, कोण उंच, काहीच नाही?”

काहीच नाही. त्या लेखात मोजमाप आहे ते फक्त भाताचे. ज्या मापाने तो भात मोजावयाचा त्याचे नावही दिले आहे, ‘आडवल्लान’, म्हणजे नृत्यात निपुण असा. नटराज शिवाचेच ते नाव. स्त्रियांना माप लावलेले नाही.

वाचकहो, मी जुन्या काळाचे गोडवे गात नाही. त्या चारशे जणींना किती स्वातंत्र्य होते, हे एका वेतनाच्या यादीवरून ठरविता येणार नाही. पुढील काळात याच प्रदेशात देवदासी म्हणून लहान मुलींची देवघेव होऊ लागली, हेही विसरून चालणार नाही. तशाच एका मुलीची हकीकत मी परतीच्या वाटेवर तिला सांगितली.

ही मुलगी म्हणजे मूवलूर रामामिर्तम अम्मैयार. त्यांचा जन्म १८८३ चा. बालपण गेले ते मूवलूर या गावी, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यात. घरच्या दारिद्र्यामुळे दहा रुपये आणि एक जुने लुगडे यांच्या मोबदल्यात त्यांना एका देवदासीच्या स्वाधीन करण्यात आले. बालिकेच्या देहाचे मोल दुसऱ्यांनी असे ठरवून टाकले होते. मोठेपणी त्यांनी ते मोल नाकारले. आपल्या संगीतशिक्षकाशी त्यांनी विवाह केला आणि देवदासी प्रथेविरुद्ध गावोगाव सभा घेतल्या. १९३६ मध्ये त्यांनी ‘दासिगळ् मोसवलै’, म्हणजे ‘दासींचे कपटजाल’, ही कादंबरी प्रसिद्ध केली. १९४७ मध्ये मद्रास विधिमंडळाने मुली देवाला वाहण्यास बंदी करणारा कायदा केला, तो पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. १९६२ मध्ये त्या निवर्तल्या. सरकारी शाळांत शिकून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींना दरमहा एक हजार रुपये देण्याची योजना तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये सुरू केली, ती त्यांच्याच नावाने. जिची किंमत दहा रुपये ठरली होती, तिच्या नावाने हजारो मुलींच्या हाती शिक्षणाचा खर्च पडू लागला.

दुसरे उदाहरण नृत्याचेच. बालसरस्वती यांचा जन्म १९१८ मध्ये मद्रासला झाला, पण त्यांचे घराणे तंजावर दरबारच्या कलावंतांचे. त्यांचे गुरू कंदप्प पिळ्ळै हेही शरफोजीराजांच्या दरबारातील चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चार बंधूंच्या वंशातले. वयाच्या सातव्या वर्षी, १९२५ मध्ये, कांचीपुरम येथे बालसरस्वतींनी प्रथम नृत्य केले. सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये त्यांच्यावर ‘बाला’ हा चित्रपट काढला, तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. समुद्रकिनाऱ्यावर त्या नृत्य करीत आहेत, अंगावरील साडी वाऱ्याने उडते आहे, असा एक प्रसंग त्यात आहे. देह प्रौढ, भरलेला. चेहऱ्यावर वयाच्या खुणा स्पष्ट. पण बाळकृष्णाला हाक मारणारा तो हात पाहताना कमरेचा घेर कोणाच्या ध्यानात येतो? पुढच्या वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. रात्री मैत्रिणीच्या मुलीने तो प्रसंग दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर दोनदा पाहिला.

आदर्श कोणाचा ठेवावा, असे मुली विचारतात. त्याला माझे उत्तर असे. जिच्याविषयी ‘ही कशी दिसते’ याहून अधिक काही सांगता येते, तिचा ठेवावा. ती दिवसभर काय करते, कोणत्या अडचणीतून गेली, कशाला नकार दिला, हे ज्यांच्याबाबत सांगता येते त्यांच्यापासून काही शिकता येते. निव्वळ चेहरा शिकता येत नाही. त्याचा फक्त हेवा करता येतो. आजच्या दूरध्वनीत दिसणारे चेहरे तर पुष्कळदा यंत्रानेच गुळगुळीत व गोरे केलेले असतात. जी व्यक्ती मुळात तशी दिसत नाही, तिच्यासारखे दिसण्यासाठी आपल्या मुली उपाशी राहतात, याला काय म्हणावे? आणि आदर्श नेहमी दूरचाच असावा असेही नाही. गावची परिचारिका, बसमधील महिला वाहक, वयाच्या चाळिशीत पदवी घेणारी शेजारीण, यांचे आयुष्य मुलींना जवळून पाहता येते.

आता देहाविषयी थोडे स्पष्ट बोलू. मुलींची उंची बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. त्याच काळात नितंब रुंदावतात आणि शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते. हा बिघाड नसून वाढीचा क्रम आहे. पाळी सुरळीत येण्यास ही चरबी आवश्यक असते. हाडांचा पुष्कळसा साठा याच वयात होतो. या वयात जेवण तोडले तर पाळी बंद पडू शकते आणि पुढे हाडे कमकुवत राहतात. त्वचेचा सावळा वर्ण ज्या रंगद्रव्याने येतो, ते प्रखर उन्हापासून आपले रक्षण करते. तंजावरच्या उन्हात तो दोष कसा म्हणावा? गोरेपणाचे आमिष दाखविणाऱ्या काही मलमांत पारा किंवा स्टेरॉइड आढळतात, त्यांनी त्वचेला कायमची इजा होऊ शकते.

खरी काळजी करावयाची ती रक्ताची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) आपल्या देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. म्हणजे दहांपैकी सुमारे सहा जणींना. पायऱ्या चढताना धाप लागणे, अभ्यासात लक्ष न लागणे, सदा थकवा वाटणे ही त्याची लक्षणे असू शकतात, आणि आपण त्याला आळस म्हणतो. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलीने घेतली की नाही, हे विचारावे. शेवग्याचा पाला, हिरव्या पालेभाज्या, नाचणी, डाळी, खात असल्यास अंडी व मासे हे तिच्या पानात असावे. वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा देऊ नये. कित्येक आठवडे मुलगी जेवण टाळत असेल, जेवून ओकारी काढीत असेल किंवा पाळी थांबली असेल, तर रागावू नये. तिला डॉक्टरांकडे न्यावे.

घरातील वडील मंडळींना माझी एवढीच विनंती आहे. मुलीच्या वर्णावर, वजनावर व उंचीवर पानावर बसून बोलू नये, थट्टेतही नाही. पाहुण्यांपुढे तिची ओळख करून देताना ती काय करते ते सांगावे. वडिलांनी यात मागे राहू नये. बापाच्या तोंडचा एक शब्द मुलीला वर्षानुवर्षे पुरतो, चांगलाही आणि वाईटही. आयांनी आपल्या स्वतःच्या देहाला मुलीसमोर नावे ठेवू नयेत. ती ऐकत असते.

आणि मुलींनो, तुम्हांला. लोक बोलणारच. त्यांच्या प्रत्येक शब्दावर मान डोलावणारी बाहुली व्हावयाचे, की पाडले तरी उठणारी, हे काही अंशी तुमच्या हाती आहे. पण सारे ओझे मी तुमच्यावर टाकणार नाही. त्या राणीच्या तळाशी वजन तिने स्वतः ठेवलेले नसते. बनविणाराने ठेवलेले असते. पोटभर अन्न, शिक्षण आणि घरातला विश्वासाचा शब्द, हे वजन आम्ही वडीलधाऱ्यांनी घालावयाचे आहे. ‘बारीक दिसेल’ म्हणून कोणी राणीचा तळ तासून काढला, तर ती एकदा पडल्यावर पुन्हा उठणार नाही.

मी निघाले त्या सकाळी मुलगी पानावर बसली होती. तिने दोन इडल्या घेतल्या. आत्याबाई काही बोलणार होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तिच्या पानात आणखी थोडी चटणी वाढली. बाहुल्यांची जोडी मुलीनेच माझ्या हाती ठेवली. ती नृत्याकडे परत गेली की नाही, हे मी अद्याप विचारलेले नाही. ते तिचे तिने ठरवावे.

कामावर परतल्यावर मी जुन्या कागदांतून तो भाषांतराचा मजकूर शोधून काढला. छापून गेलेले वाक्य आता बदलता येणार नव्हते. तरीही ‘नाकीडोळी नीटस’ या दोन शब्दांवर मी लाल रेघ ओढली. आज रात्री आपल्या घरी पाने मांडली जातील, तेव्हा आपणही आपल्या बोलण्यातला असा एखादा शब्द शोधून पाहावा.