शेतात मोबाईलच बरा!

"मोबाईलचा फोटो काय कामाचा, चांगला कॅमेरा घ्या" असं सांगणारे लई झालेत. लग्नात, पक्ष्यांच्या फोटोला मोठा कॅमेरा भारीच, वाद नाही. पण ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू आहे. तिचा फोटो शेतात उभं राहून ॲपमधूनच काढावा लागतो, अक्षांश-रेखांशासकट. तिथं ५० हजारांचा कॅमेरा गळ्यात घालून काय करता?

रोगाचं बी तसंच. आपल्या वारंगा फाटा भागात हळद पिवळी पडली, तर करपा की कंदकूज, हे एका पानाच्या फोटोवरून ठरत नाही, कॅमेरा कितीबी महाग असो. अख्खं झाड, पानाच्या दोन्ही बाजू आणि उपटून धुतलेला कंद, एवढे फोटो पाहिजेत. कॅमेऱ्याची काच पुसा. झूम करू नका, जवळ जा. फिल्टर नको, रंग फसवतो. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, बारीक ठिपके पुसट होत नाहीत.

आणि कृषी तज्ज्ञ साहेबांनो, "फोटो क्लिअर नाही" म्हणून मोकळे होऊ नका. कशाचा फोटो पाहिजे ते सांगा. तोवर कंद सडत असतो.

कॅमेऱ्याचे पैसे ठिबकला लावा.