कायद्यांतील कुटुंब आणि आपलें कुटुंब

उमरखेडसारख्या गांवांतील घरांचा विस्तार आतां पैनगंगेच्या कांठापुरता राहिलेला नाहीं. मुलगा शिक्षणासाठीं अमेरिकेस जातो, तेथें नोकरीस लागतो आणि कालांतरानें तेथला नागरिक होऊन आईवडिलांस कळवितो, 'आतां तुम्ही सारींच इकडे या.' घरांत आनंद व्हावा हें स्वाभाविकच आहे. परंतु 'सारीं' या शब्दाचा अर्थ आपण एक करतों आणि तेथील कायदा दुसराच करतो. या भेदाकडे आम्ही आज वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

आपल्या कुटुंबांत आजी, काका-काकू, आत्या, चुलत भावंडें हीं सर्व येतात. त्या कायद्यांत यांपैकीं कोणासहि बोलावण्याची सोय नाहीं. नागरिकाची पत्नी अथवा पति, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलें, आणि नागरिकानें स्वतः एकविशी गांठली असल्यास त्याचे आईवडील, एवढेच निकटचे आप्त मानले जातात. त्यांच्या व्हिसांस वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं.

सख्ख्या भावंडांचा वर्ग निराळा आहे. १९४६ च्या कायद्यानें सबंध हिंदुस्थानास वर्षाकांठीं अवघ्या शंभर जागा दिल्या होत्या. १९६५ च्या कायद्यानें आप्तसंबंधास मोठें स्थान दिलें. तथापि भावंडांसाठीं सर्व जगास मिळून वर्षाला सुमारें ६५,००० च व्हिसा असून प्रत्येक देशाच्या वांट्यासहि मर्यादा आहे. त्यामुळें २०२५ सालीं भारतांतील भावंडांपैकीं २००६ सालीं अर्ज झालेल्यांची पाळी चालूं होती! तोंवर त्यांचीं मुलें एकविशी ओलांडून वगळलीं जाण्याचा संभव असतो.

याहून मोठी अडचण पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. समजा, घरांत सतरा वर्षांची धाकटी मुलगी आहे. मुलानें आईवडिलांसाठीं केलेल्या अर्जांत तिचा समावेश होत नाहीं. आईवडिलांनीं तेथें कायम रहिवासी झाल्यावर तिच्यासाठीं वेगळा अर्ज करावा लागतो. आणि ते रहिवासीच असतां, नागरिक होण्यापूर्वीं, तिचें लग्न झालें तर तो अर्ज रद्द होतो. म्हणजे मुलीनें वाट पाहावी कीं संसार थाटावा, हा प्रश्न एका परक्या नियमामुळें घरांत येऊन उभा राहतो.

ज्या वडीलधाऱ्यांस नातवंडें पाहून परत आपल्या घरीं यावयाचें आहे, त्यांनीं कायम रहिवासाच्या मागें लागूं नये. तो परवाना तेथें राहणारांसाठीं आहे. पूर्वपरवानगीवांचून वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तो गमावण्याची भीति असते. अशांस पाहुण्यांचा व्हिसा पुरे. त्यावर बहुधा एका खेपेस सहा महिन्यांपर्यंत राहूं देतात.

कागदपत्रांविषयींहि एक सूचना करावीशी वाटते. आपल्याकडे लग्नांत वधूचें नांव बदलण्याची रीत आहे. शाळेच्या दाखल्यांत एक नांव, पारपत्रांत दुसरें, असें असल्यास दोन्ही एकाच स्त्रीचीं आहेत हें सिद्ध करावें लागतें. जन्माची नोंद नसल्यास नगरपरिषदेकडून तसा दाखला घेऊन शाळेचा दाखला जोडावा. हीं कामें घाईनें होत नाहींत.

मुलाच्या मायेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. या नियमांपुढें त्याचाहि इलाज चालत नाहीं. म्हणूनच अर्ज करण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें: जाणार कोण, मागें राहणार कोण, आणि मागें राहणाराची काळजी वाहणार कोण? पहिल्या प्रश्नाचें उत्तर वकील देईल. शेवटच्याचें उत्तर आपणांसच द्यावें लागेल.